सुटका झाली, भरपाई राहिली

(वाचावयाचे उतारे : प्रेषितांचीं कृत्यें १६:१६-४०, लूक १९:१-१०)



फिलिप्पै नगरांतील त्या रात्रीची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वारंवार सांगितली जाते. बंदिशाळेंत पौल व सीला गात आहेत, भूमिकंप होतो, दारें उघडतात, बंदिशाळेचा नायक थरथर कांपत येतो आणि त्याच रात्रीं घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतो. इतकें सांगून आपण बहुधा थांबतों. लूकानें मात्र तेथें लेखणी खालीं ठेविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय झालें तेंही त्यानें लिहिलें आहे, आणि आज आम्हांस त्या सकाळीविषयींच बोलावयाचें आहे.

सकाळीं अधिकाऱ्यांनीं चोपदार पाठविले. निरोप एवढाच कीं, त्या माणसांस सोडून द्यावें. नायकानें तो आनंदानें आंत पोहोंचविला. आपणांपैकीं कोणी असता तर वळकटी उचलून वेशीबाहेर पडला असता आणि देवाचे उपकार मानले असते. पौल जागचा हालला नाहीं. त्याचें म्हणणें असें पडलें कीं, आम्ही रोमी नागरिक. आमची चौकशी झाली नाहीं, अपराध शाबीत झाला नाहीं, तरी सर्व लोकांसमक्ष आम्हांस फटके मारून तुरुंगांत घातलें. आणि आतां कोणास न कळतां आम्हांस वाटेला लावूं पाहतां, तें होणें नाहीं. ज्यांनीं आंत घातलें त्यांनीं जातीनें येऊन बाहेर न्यावें. हें ऐकून अधिकारी घाबरले, कारण रोमी नागरिकास चौकशीवांचून फटके मारणें हा त्यांच्याच कायद्याप्रमाणें मोठा गुन्हा होता. ते आले, त्यांनीं विनवणी केली, आणि दोघांस स्वतः बाहेर आणिलें.

हा आग्रह कशासाठीं? पौल मानी होता म्हणून, असें कोणी म्हणेल. त्यानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौलाच्या दुःखांची यादी आहे, ती पाहावी. पांच वेळां यहूद्यांच्या हातून एक कमी चाळीस फटके, तीन वेळां छड्यांचा मार. आणि त्यांतील एकाचीही दाद त्यानें कोठें मागितलेली तेथें दिसत नाहीं. स्वतःच्या पाठीसाठीं तो भांडणारा नव्हे. पण फिलिप्पैंत तो लुदियेला मागें ठेवून जाणार होता. नायकाला व त्याच्या लेंकराबाळांना मागें ठेवून जाणार होता. हे दोघे चोरपावलांनीं निघून गेले असते, तर दुपारपर्यंत बाजारांत बोलणें सुरू झालें असतें कीं, लबाडच होते, कोणाचा तरी वशिला लागला म्हणून सुटले. आणि त्या जांभळें कापड विकणारीच्या घरीं जमतात तेही त्यांतलेच. आळ एका माणसावर येतो, पण त्याचें किटाळ घरावर, आळीवर, सबंध मंडळीवर राहतें. तें काढण्यास तुरुंगाचें उघडें दार पुरत नाहीं. ज्यानें घातलें त्यानेंच लोकांदेखत येऊन तें काढावें लागतें.

ह्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचतांना सहज निसटून जाते. त्या दोघांवर आळ कां आला? एका दासीच्या अंगांतील भूत निघालें, आणि तिच्या जिवावर पैसा मिळविणाऱ्या धन्यांची मिळकत बुडाली. हें दुखणें चावडीवर सांगतां येईना. म्हणून फिर्यादींत दुसरेंच लिहिलें गेलें : हे यहूदी आहेत आणि आमच्या नगरांत गडबड माजवितात. खोटा आळ बहुधा असाच जन्मास येतो. मनांतील सल एक, कागदावरील आरोप दुसरा. आणि पुरावा विचारला तर आरोपीची जात पुढें केली जाते.

हें दोन हजार वर्षांपूर्वींचें झालें. आतां आपल्याच मुलखांतील हकीकत ऐकावी. सन २००३ च्या जून महिन्यांत नाशिकजवळ पेरूच्या बागेंतील एका झोंपडींत रात्रीं दरोडा पडला. पांच माणसें मारलीं गेलीं. घरांतील स्त्रियांवर जें गुदरलें तें आम्ही येथें लिहीत नाहीं. पुढें पोलिसांनीं सहा मजुरांस धरलें. सहाही भटक्या जमातींतील, अत्यंत गरीब. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशीची शिक्षा सांगितली. २००७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तिघांचीही जन्मठेप रद्द करून सहाही जणांस पुन्हां फांशीच ठरविली. तीन पायऱ्या चढून झाल्या आणि तिन्ही पायऱ्यांवर ते अपराधी ठरले. मग त्या निकालाचा पुनर्विचार झाला, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष म्हणून सोडून दिलें.

हें घडलें कसें? त्या रात्रीं मरतां मरतां वांचलेल्या मातेस पोलिसांनीं गुन्हेगारांच्या छायाचित्रांचें पुस्तक दाखविलें होतें, आणि तिनें त्यांतील चार चेहऱ्यांवर बोट ठेविलें होतें. ते चार चेहरे ह्या सहांपैकीं कोणाचेही नव्हते. ही गोष्ट खटला चालला तेव्हां न्यायालयापुढें आणिलीच नाहीं. त्या चौघांचें पुढें काय झालें ह्याचा तपासही झाला नाहीं. सहांपैकीं एक जण तर गुन्हा घडला तेव्हां अठरा वर्षांचाही नव्हता. वाचकहो, शास्त्रांत नाबोथाविरुद्ध दोन अधम पुरुष उभे करावे लागले. येथें खोटें बोलावयास कोणी उभें राहण्याचीही गरज पडली नाहीं, खरें तें झांकून ठेविलें एवढेंच पुरलें. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत न्यायाधीशांनीं नीट शोध करावा अशी आज्ञा आहे, ती अशाच कारणास्तव.

भटक्या जमातींवर संशय इतक्या चटकन् कां जातो, ह्याचेंही मूळ पाहिलें पाहिजे. सन १८७१ मध्यें इंग्रज सरकारनें एक कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. पाळण्यांतील मूल अजून रांगलें नाहीं, तों त्याच्या कपाळीं चोर असें लिहिलें गेलें. पुढें त्यांना हजेरी लागू झाली, आणि कित्येकांस कुंपणाच्या आंत कोंडलें. आमच्या सोलापुरास अशी मोठी वसाहत होती. आणि देशांतील अशा कांहीं वसाहती मिशनांच्या देखरेखीखालीं चालत, हेंही ख्रिस्ती वाचकांनीं विसरूं नये. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. सरकारी कागदावरून नांव खोडलें. गांवच्या तोंडावरून तें अद्याप खोडलेलें नाहीं. माळावर पालें पडलीं कीं गांवांत कुलुपें शोधावयास लागतात, हें आपण सर्व जाणतों.

आतां भरपाईविषयीं. त्या सहा जणांस राज्य सरकारनें प्रत्येकीं पांच लाख रुपये द्यावे, असा न्यायालयानें हुकूम केला. आणि तपासांत कसूर करणारे अधिकारी शोधून काढून त्यांच्यावर कारवाई करावी, असेंही गृहखात्यास सांगितलें. पांच लाख हा आंकडा खेड्यांत मोठा वाटतो. पण जरा हिशेब करावा. जून २००३ पासून मार्च २०१९ पर्यंत पावणेसोळा वर्षें होतात. एका दिवसास नव्वद रुपयेही पडत नाहींत. ऊंस तोडणारा मजूर ह्याहून अधिक घेऊन घरीं जातो, आणि रात्रीं आपल्या लेंकरांत निजतो. बाहेर म्हातारीं माणसें वारलीं असतील, लेंकरें बापावांचून वाढलीं असतील. आणि फांशीची वाट पाहत काढलेल्या रात्रींचा रोज कोणत्या दरानें लावावा? हा हिशेब कोणत्याही रकमेनें पुरा व्हावयाचा नाहीं. तरी रक्कम द्यावीच लागते. कां, तें जक्कयापाशीं शिकावें.

जक्कय हा यरीहोंतील मुख्य जकातदार. प्रभु त्याच्या घरीं उतरला, तेव्हां त्यानें उभें राहून दोन वचनें दिलीं. पहिलें, अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस. दुसरें, ज्या कोणाचें त्यानें अन्यायानें घेतलें असेल त्यास चौपट परत. हीं दोन वचनें एक नव्हेत, आणि त्यांची सरमिसळ करूं नये. पहिलें दान आहे. तें त्याच्या इच्छेचें होतें. दुसरें देणें आहे. जेथें आपण सामान्यतः अन्यायानें घेणें असें वाचतों, तेथें मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खोटी चहाडी करून, आळ घालून घेणें असा आहे. हा शब्द नव्या करारांत दोनच ठिकाणीं येतो. दुसरें ठिकाण लूकाचा तिसरा अध्याय. तेथें शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन आम्हीं काय करावें असें विचारतात, आणि तो त्यांस सांगतो कीं, कोणावर जुलूम करूं नका, खोटा आळ घालूं नका, आपल्या पगारांत तृप्त असा. शिपाई आणि जकातदार! ज्यांच्या हातीं दंडुका आणि दप्तर आहे, त्यांच्याचसाठीं पवित्र शास्त्रानें हा शब्द राखून ठेविला आहे.

आणि चौपट कां? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत मेंढरूं चोरून कापणाऱ्यानें एकाबद्दल चार मेंढरें द्यावीं असें आहे. जक्कयानें स्वतःस मेंढरें चोरणाऱ्याच्या रांगेंत उभें केलें. गणनेच्या पांचव्या अध्यायांत आणखी एक नियम आहे : अपराध करणाऱ्यानें आपलें पाप पदरीं घ्यावें, नुकसान भरून द्यावें, वर पांचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचें नुकसान झालें तो हयात नसून त्याचा कोणी जवळचा नातलगही नसेल, तर ती भरपाई परमेश्वरास, याजकाच्या हातीं द्यावी. म्हणजे घेणारा उरला नाहीं म्हणून देणारा सुटत नाहीं. केवळ तोंडानें पाप कबूल करून भागत नाहीं, आणि कबुलीवांचून रक्कम फेंकूनही भागत नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यांत ह्या देण्याची व्यवस्था अजून अपुरी आहे. बिहारांत एक मनुष्य १९६८ सालीं निर्दोष ठरला, आणि तरीही १९८२ सालापर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, मुजफ्फरपूरच्या तुरुंगांत पडून राहिला. योसेफास प्यालेबरदार दोन वर्षें विसरला. ह्याला सबंध सरकार चौदा वर्षें विसरलें. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास तीस हजार रुपये, आधीं मिळालेल्या पांच हजारांखेरीज, देवविले. राज्यघटनेनें दिलेला जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क सरकारनें मोडला, तर न्यायालय सरकारकडून पैसे देववूं शकतें, असा पायंडा त्या खटल्यानें पडला. त्या वेळीं मुख्य न्यायाधीशाच्या आसनावर आपले महाराष्ट्रीय यशवंत विष्णु चंद्रचूड होते. परंतु हा हक्क मागण्यास वर पर्यंत जावें लागतें. ज्यानें विनाकारण अटक करविली त्याच्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववूं शकतो, तिची मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंतही एक हजार रुपयेच आहे. भारतीय विधि आयोगानें २०१८ सालीं आपल्या दोनशें सत्त्याहत्तराव्या अहवालांत सुचविलें होतें कीं, खोट्या खटल्यांत भरडल्या गेलेल्यांच्या भरपाईसाठीं कायद्यांतच तरतूद करावी व त्याकरितां विशेष न्यायालयें नेमावीं. ती सूचना नव्या संहितेंत घेतलेली नाहीं. हें अन्यायाचें आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

त्याच २०१८ सालीं अग्निबाणशास्त्रज्ञ नंबी नारायणन् ह्यांस सर्वोच्च न्यायालयानें पन्नास लाख रुपये देवविले. केरळांत १९९४ सालीं त्यांच्यावर देशाचीं गुपितें विकल्याचा आळ आला होता. तो खोटा असल्याचें केंद्रीय तपासखात्यानें १९९६ सालींच सांगितलें होतें. तेवढ्यावर ते घरीं बसते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनीं पौलाप्रमाणें मागच्या दारानें जाण्याचें नाकारलें आणि चोवीस वर्षें दाद मागितली. त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस आदर आहे. पण ते विद्वान् होते, त्यांस लेखणी होती, ओळखी होत्या. पौलालाही रोमी नागरिकत्व होतें. ज्याला सही करतां येत नाहीं, ज्याचें रेशनकार्डही धड नाहीं, त्यानें काय दाखवावें? कायद्याच्या दृष्टीनें तोही आतां ह्या देशाचा नागरिक आहे. फक्त तें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

येथें कित्येक भाविक एक आक्षेप काढतात, आणि उपदेशक बंधूंसही तो पडतो. ते म्हणतात, ख्रिस्ती मनुष्यानें अन्याय सोसावा, क्षमा करावी. भरपाई मागणें हें जगाचें चालणें आहे. आमचें उत्तर असें कीं, क्षमा ही सोसणाऱ्याच्या हातची आहे आणि भरपाई ही करणाऱ्याच्या माथ्यावरची आहे. एकाच्या क्षमेनें दुसऱ्याचें देणें फिटत नाहीं. शिवाय, दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा करण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? फासेपारध्याच्या पोरास विनाकारण मार बसला, आणि आपण सुरक्षित अंगणांत बसून त्यास सहनशीलतेचा उपदेश करतों, तर तो धर्म नव्हे.

आणखी एक गोष्ट. खोट्या माणसास शिक्षा झाली म्हणजे खरा अपराधी मोकळा राहतो. नाशिकच्या त्या झोंपडींतील मातेचें काय? सोळा वर्षें तिला सांगण्यांत आलें कीं तुझा न्याय झाला. तिनें ज्यांच्यावर बोट ठेविलें होतें त्या चौघांचा तपास करावा, असा हुकूम २०१९ सालीं झाला. त्या सहा मजुरांचें जितकें देणें लागतें, तितकेंच तिचेंही लागतें. आणि तिच्या देण्याची रक्कम त्या निकालांत आम्हांस कोठें आढळली नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. समजा, विहिरीवरची मोटर चोरीस गेली. पारावर कोणी तरी एक नांव घेतो. संध्याकाळपर्यंत दहा तोंडें तें नांव घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं पोलीस पाटलास तें सर्व गांवाचें मत म्हणून कळतें. अशा वेळीं मंडळींतील मनुष्यानें एकच प्रश्न विचारावा : तूं स्वतः पाहिलेंस काय? नसेल पाहिलें तर तें नांव पुढें नेऊं नये. उपदेशकास विचारलें तर त्यानेंही ऐकीव गोष्ट सांगूं नये, मग विचारणारा कितीही मोठा असो.

मनुष्यास धरून नेलेंच, तर त्याच दिवशीं, त्याच घटकेस, तारीख व वेळ लिहून ठेवावी, आणि कोणासमक्ष नेलें तेंही लिहावें. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्यास दंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे, हा राज्यघटनेचा नियम आहे. वकिलास पैसे नसतील तर तालुका विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील माणसें आणि कोठडींत असलेला कोणीही, ह्यांस सरकारी खर्चानें वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यानें हा हक्क दिला आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. हें इतक्या बारकाईनें सांगण्याचें कारण असें कीं, २०२२ सालाच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांत सुमारें तीन जण ज्यांचा निकाल लागलेला नाहीं असे होते. त्यांत किती अपराधी व किती निरपराध, हें देवास ठाऊक. पण आंत दिवस दोघांचेही सारखेच जात होते.

आणि तो मनुष्य निर्दोष सुटून आला म्हणजे? बहुधा आपण म्हणतों, बरें झालें, सुटला. आणि कामास लागतों. त्याची बायको वर्षभर पाणवठ्यावर कडेला उभी राहिलेली असते, तें कोणी विचारीत नाहीं. आमची सूचना अशी कीं, निकालाची सहीशिक्क्याची प्रत मागून घ्यावी आणि ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी. आळ चारचौघांत आला, तर सुटकाही चारचौघांत व्हावी. नंतर त्याच्या घरीं बसून हिशेब करावा : किती दिवसांचा रोज बुडाला, तारखांस जाण्यायेण्यास काय लागलें, वकिलासाठीं कोणती शेळी विकली. त्यांत गांवानें काय द्यावें, मंडळीनें काय द्यावें, तें ठरवावें. पण ज्यानें पारावर पहिल्यानें नांव घेतलें, त्यानें ही पट्टी जमण्याची वाट पाहूं नये. त्यानें आधीं जावें, आणि शेळीचे पैसे स्वतःच्या हातानें द्यावे. एकट्यास जाण्याची लाज वाटत असेल तर उपदेशकानें त्याच्याबरोबर जावें. त्याच्याऐवजीं जाऊं नये.